भाड्याच्या खोलीत खर्च भिंतीवर नको, कापडावर करावा

प्रश्न : मी मूळची मंगळवेढ्याची. नोकरीसाठी सोलापुरात आले असून धाकटा भाऊ शिक्षणासाठी माझ्याजवळ राहतो. अक्कलकोट रस्त्याकडे सर्वांत वरच्या मजल्यावर १० बाय १२ फुटांची एक खोली आम्ही भाड्याने घेतली आहे. खोलीला पश्चिमेकडे ३ फूट रुंदीची एकच खिडकी आहे, भिंतींच्या रंगाचे पापुद्रे सुटले आहेत आणि खिळे मारायचे नाहीत अशी घरमालकांची अट आहे. मला सकाळच्या पाळीसाठी पहाटे उठावे लागते, तर भाऊ रात्री उशिरापर्यंत अभ्यास करतो. सजावटीसाठी ६,००० रुपयांहून अधिक खर्च करणे शक्य नाही. भिंतींना चिकटवायचे वॉलपेपर आणावेत असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : वॉलपेपरचा विचार कृपया सोडून द्यावा. पापुद्रे सुटलेल्या भिंतीवर तो धरत नाही, उन्हाळ्यात त्याच्या कडा सुटतात, आणि खोली सोडताना काढायला गेल्यास उरलासुरला रंगही सोबत घेऊन येतो. विद्यार्थिदशेत मी स्वतः हे केले होते व अनामत रकमेतील बराच भाग गमावला होता, म्हणून हे आग्रहाने सांगतो. जी खोली वर्ष-दोन वर्षांत सोडावी लागण्याची शक्यता आहे, तिथे पैसा भिंतीत न घालता घडी करून सोबत नेता येईल अशा वस्तूंत घालावा. आणि कापडाच्या बाबतीत सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही.

मात्र कापडाआधी उन्हाचा विचार करायला हवा, कारण एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा चाळिशी ओलांडतो तिथे वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली कितीही देखणी केली तरी संध्याकाळी तिच्यात बसवत नाही. गच्चीवर चुन्याचे दोन हात देण्याची विनंती घरमालकांना करावी. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, त्यामुळे स्लॅब कमी तापतो. खर्च थोडा असतो आणि फायदा त्यांच्या घराचाही असतो. चुना तुम्ही आणून भावाच्या मदतीने लावण्याची तयारी दाखवलीत, तर नकार मिळण्याची शक्यता कमी. खिडकीचे ऊन शक्यतो काचेच्या बाहेरच अडवावे, कारण एकदा काचेतून आत आलेली उष्णता पडदा पूर्णपणे थोपवू शकत नाही. त्यासाठी बांबूच्या कामट्यांचा पडदा बाहेरच्या बाजूने गजांना सुतळीने घट्ट बांधता येतो. त्याला खिळा लागत नाही.

आता आतला पडदा. साधारण ६० इंच रुंद व ९० इंच लांब अशी एकेरी सोलापुरी चादर घ्यावी. खिडकीच्या वरच्या गजांना एक मजबूत दोरी ताणून बांधावी आणि चादर मधोमध दुमडून तिच्यावर टाकावी. दुहेरी जाडीचा, ४५ इंच उंचीचा पडदा तयार होतो, आणि ३ फूट म्हणजे ३६ इंचांच्या खिडकीला ६० इंचांचे कापड मिळाल्याने चुण्याही चांगल्या पडतात. ना कात्री लागते, ना शिवण. थंडीत हीच चादर अंगावर घेता येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळालेले असले, तरी त्या नावाखाली अन्यत्र विणलेला मिश्र धाग्याचा मालही विकला जातो. म्हणून काठाचा एक सुटा धागा मागून घेऊन बाहेर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. विणीत किरकोळ दोष राहिलेल्या चादरी आहेत का, हेही विचारावे, कारण त्या स्वस्तात मिळतात आणि चुण्यांत असा दोष दिसतही नाही. एक पथ्य मात्र पाळावे : जॅकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उमटवलेली नक्षी ठसठशीत असते, त्यामुळे एवढ्याशा खोलीत नक्षीची चादर दोन ठिकाणांपेक्षा अधिक नको, बाकीचे कापड एकरंगी असावे. एक पडद्याला, एक बैठकीला, एवढे पुरे.

बैठक म्हणजे तुमची रात्रीची गादीच. गावाकडे जुनी गादी असेल तर नवी न घेता तिचा कापूस पिंजून घ्यावा, आणि दिवसा ती भिंतीलगत घालून वर चादर अंथरावी. पाठीला उशा लावल्या की सुटलेल्या पापुद्र्यांचा खालचा भाग आपोआप झाकला जातो. वरचे सैल पापुद्रे पत्रीने खरवडून, पॉलिश पेपरने घासून तेवढ्यापुरता पांढरा डिस्टेंपर लावण्याची परवानगी मागावी.

तुमची खरी अडचण मला भिंतीपेक्षा झोपेची वाटते. पहाटे उठणाऱ्या बहिणीच्या डोळ्यांवर रात्रभर उजेड येत असेल, तर कोणतीही सजावट समाधान देणार नाही. म्हणून बोल्टने जोडायचा, दोन्ही बाजूंनी उघडा असा लोखंडी रॅक घ्यावा. नवा परवडला नाही तर जुना चालेल. लोखंडाला वाळवी लागत नाही, मात्र सांध्यांत ढेकूण नाहीत ना ते पाहून, उकळते पाणी ओतून तो उन्हात वाळवावा. भिंतीलगत न ठेवता तो खोलीच्या मध्ये आडवा लावावा. तुमच्या बाजूने एकरंगी सुती कापड सोडावे, भावाच्या बाजूने पुस्तके राहतील. जड वस्तू खालच्या फळ्यांवर ठेवाव्यात, म्हणजे रॅक कलंडणार नाही. भावासाठी पुस्तकावरच उजेड पाडणारा, ९ वॉटच्या एलईडी बल्बचा टेबल-दिवा पुरेसा आहे. रोज ५ तास लावला तरी ३० दिवसांत जेमतेम १.३५ युनिट वीज लागते.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्याने पाण्याचे पिंप खोलीतच असणार. ते लपवण्याच्या नादात झाकण सैल ठेवू नका, कारण डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात. तोंडाला पातळ सुती कापड घट्ट बांधून त्यावर फळी ठेवावी, आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करावे. फळीवर तुळशीची कुंडी ठेवण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण माती पाण्यात जाते. कुंडी खिडकीत ठेवावी.

या कशालाही हात लावण्यापूर्वी खोलीच्या आजच्या स्थितीची छायाचित्रे काढून घरमालकांना पाठवून ठेवावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. तुमचा करार तसा झाला आहे का, तेही पाहावे. चुना आणि रंगाची परवानगी तोंडी न घेता संदेशाने लेखी घ्यावी.

पैशांची वाटणी मी अशी करीन : चादरी व कापड २,०००, रॅक २,०००, बांबूचा पडदा, चुना आणि रंग मिळून १,०००, दिवा ५००. उरलेले ५०० रुपये लगेच खर्च करू नका. त्यात दोन-तीन महिने थोडी भर घालून सोलापूरच्या हातमागावर विणलेले एखादे छोटे वॉल हँगिंग घ्यावे आणि ते रॅकच्या वरच्या पट्टीला, दारातून आत येताच दिसेल असे अडकवावे.