जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किमी, तर सरासरी वेग ५० का नाही?

तुम्ही विचारलंय की सरासरी ४८ का येते, ५० का नाही, आणि परीक्षेत असली गणितं झटपट कशी सोडवायची. ५० येत नाही कारण ४० च्या वेगाने तुम्ही जास्त वेळ रस्त्यावर असता. अंतर १२० किमी धरा, जायला ३ तास, यायला २, एकूण २४० किमी ५ तासांत, झाले ४८. वेगांची सरासरी काढायचीच नसते, एकूण अंतर भागिले एकूण वेळ, बस.

पण माझ्यासाठी हे नुसतं पेपरातलं गणित नाही, याच्यावरून माझं आणि आमच्या भाऊजींचं वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

पुण्याहून कळंबोलीला साखरपुड्याला निघालो होतो, गाडी भाऊजी चालवत होते, मागे आई, ताई आणि भाची. लोणावळ्यापर्यंत एक्सप्रेसवेने मस्त आलो आणि खंडाळ्याच्या पुढे घाटात ट्रक बंद पडलेला, सगळं जाम. समोर नुसते लाल लाइट आणि ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास. आई सारखी विचारतेय मुहूर्त गाठणार का, तर भाऊजी म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, खाली उतरलो की दाबतो, सगळा टाइम कव्हर करतो." मी म्हटलं, भाऊजी, नाही होणार कव्हर. तर म्हणे इतकी वर्षं गाडी चालवतोय, मला शिकवू नका.

मग मी आहेराच्या पाकिटाच्या मागे पेनाने हिशोबच मांडला. घाट १२ किमी धरला, ६० च्या लिमिटने १२ मिनिटं लागली असती, आम्ही १५ ने रांगत उतरत होतो म्हणजे ४८ मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटं गेली. खाली कळंबोलीपर्यंत ३६ किमी धरले, तिथे लिमिट १००, म्हणजे जेमतेम २२ मिनिटांचा रस्ता. आता २२ मिनिटांच्या रस्त्यातून ३६ मिनिटं कुठून काढणार? १२० ने पळवली तर लागतात १८, म्हणजे वाचली साडेतीन मिनिटं. तरी त्यांनी १२० ने पळवलीच, आई सगळा वेळ वरचं हँडल धरून बसलेली, मुहूर्त चुकलाच आणि नंतर स्पीडचं चलन आलं ते वेगळंच. आणि आजही चार लोकांत सांगतात, मी दाबली म्हणून पोचलो! साडेतीन मिनिटांसाठी म्हाताऱ्या माणसाचा आणि लेकराचा जीव टांगणीला लावणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

उलट घाटातच १५ ऐवजी २० चा वेग मिळाला असता तर १२ मिनिटं वाचली असती. खरा वेळ हळू टप्प्यात जातो, आणि तो आपल्या हातात नसतो, म्हणून घरातूनच लवकर निघायचं. हेही मी तेव्हा बोललो होतो.

हे कोडं जुनं आहे. मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मधे आइनस्टाइनला पत्रातून असंच विचारलं होतं: एक मैल चढ, एक मैल उतार, जुनी गाडी ताशी १५ मैलांनी चढते, तर उतरताना किती वेग हवा म्हणजे सरासरी ३० येईल? तोंडात पटकन ४५ येतं. पण २ मैल ३० च्या सरासरीने म्हणजे ४ मिनिटं, आणि ती चढातच संपली, उताराला वेळच उरत नाही. आइनस्टाइननेही कळवलं की हिशोब केल्यावरच ते लक्षात आलं. मग बाकीच्यांनीही आकडेमोड करायला काय हरकत आहे?

परीक्षेचं म्हणाल तर क्लासवाले सूत्र पाठ करून घेतात, दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज. मला ते अजिबात आवडत नाही. अंतरं सारखी नसली की सूत्र गेलं कामातून, आणि पेपर काढणारे नेमकं तेच करतात. त्यापेक्षा अंतरं सारखी असतील तर वेगांचा लसावि हेच अंतर धरा आणि वेळ काढा, तीन टप्पे असले तरी चालतं; सारखी नसतील तर दिलेलीच अंतरं घेऊन वेळ काढा.

आणि हो, ४० ने एक तास आणि ६० ने एक तास चालवली असेल तर मात्र ५० च बरोबर, तेव्हा प्रश्नात अंतर सारखं दिलंय की वेळ ते आधी नीट वाचा.