विंडोज आणि उबंटू दोन्ही असलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर नेता येते का?

आपल्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क आहे, तिच्यावर विंडोज १० आणि उबंटू शेजारी शेजारी आहेत, आणि काहीही पुन्हा इन्स्टॉल न करता हे सगळे १ टीबीच्या एसएसडीवर न्यायचे आहे, असे आपण विचारले आहे. हे नक्की जमते. मी स्वतःच्या लॅपटॉपवर हेच केले आहे. त्यात क्लोन करणे, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल काढणे, हा सर्वांत सोपा भाग आहे. घोटाळे होतात ते त्याच्या आधी आणि नंतर.

सुरुवातीला महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप तिसऱ्याच डिस्कवर घ्यावा, कारण जुनी डिस्क आतून खराब होत आली असेल, तर सलग काही तास वाचली जाताना ती मान टाकू शकते. मग विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहावे. असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि एन्क्रिप्शन पूर्ण काढून टाकावे. पॉवर ऑप्शन्समधील ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपी जाते, आणि अशा अवस्थेतील एनटीएफएस पार्टिशनला (विंडोजच्या पद्धतीने फायली साठवणाऱ्या डिस्कच्या भागाला) हात लावायला लिनक्सची साधने नकार देतात, ते योग्यच आहे.

नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून जोडावी, पेन ड्राइव्हवरून क्लोनझिला हे डिस्कची नक्कल करणारे साधन सुरू करावे आणि एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर असा पर्याय निवडावा. येथे पडद्यावर डिस्कची ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे दिसतात. त्यांवर विसंबू नये, आकार आणि मॉडेल वाचूनच मूळ कोणती व नवी कोणती हे ठरवावे, कारण उलट निवड झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. चार्जर लावलेला असू द्यावा.

क्लोन पूर्ण झाल्यावर लॅपटॉप बंद करावा, एसएसडी आत बसवावी आणि जुनी डिस्क पूर्णपणे वेगळी करावी. मी येथेच चुकलो होतो. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून मी जोडलेलीच ठेवली. ग्रबचा, म्हणजे विंडोज सुरू करायचे की उबंटू हे विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आला, उबंटू सुरू झाले आणि मी दोन दिवस निश्चिंतपणे काम केले. तिसऱ्या दिवशी यूएसबीची वायर काढली, तेव्हा त्या दोन दिवसांच्या फायली कुठेच दिसेनात. उबंटू आपले पार्टिशन यूयूआयडी या ओळख क्रमांकावरून ओळखते, आणि क्लोनमध्ये तो क्रमांकही हुबेहूब उतरतो. त्यामुळे ग्रब नव्या डिस्कवरचे असूनही पुढचे सगळे जुन्या डिस्कवरून चालले होते आणि फायलीही तिथेच जात होत्या. विंडोजलाही अशा जुळ्या डिस्क चालत नाहीत. ते त्यांतील एक ऑफलाइन करून टाकते.

पहिल्यांदा सुरू करताना ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज आले, तर यूईएफआय सेटिंगमध्ये (लॅपटॉप सुरू होताच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बूटचा क्रम बदलून उबंटू वर आणावे. तिथे उबंटूचे नावच नसेल, तर उबंटूच्या लाइव्ह यूएसबीवरून (थेट उबंटू सुरू करणाऱ्या पेन ड्राइव्हवरून) ग्रब पुन्हा बसवावे लागते. पार्टिशनमधील माहितीला त्याने धक्का लागत नाही.

आता उरली वाढीव जागा. विंडोजमध्ये १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसेल, आणि त्यातील सुमारे ४६५ जीबी डिस्कच्या शेवटी रिकामी असेल. उबंटूमधील जीपार्टेड हे पार्टिशन लहान-मोठे करण्याचे साधन उघडल्यावर, डिस्कची संपूर्ण जागा वापरात नाही, जीपीटी (पार्टिशनांची नोंद असलेला तक्ता) दुरुस्त करू का, असे विचारले गेल्यास होकार द्यावा. जीपीटीची राखीव प्रत डिस्कच्या अगदी टोकाला असावी लागते आणि क्लोननंतर ती मधेच राहिलेली असू शकते. उबंटूचे पार्टिशन सर्वांत शेवटी असेल, तर ते उजवीकडे वाढवणे काही मिनिटांचे काम आहे. विंडोजचा सी ड्राइव्ह वाढवणे मात्र तसे नाही, कारण त्याच्या आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन व संपूर्ण उबंटू उभे असते, आणि ते सरकवायचे म्हणजे त्यांतील सगळा डेटा पुन्हा लिहायचा. त्यात कित्येक तास जाऊ शकतात आणि मधेच वीज गेली तर ते पार्टिशन हातचे जाते. त्यामुळे मी रिकाम्या जागेत एक वेगळे एनटीएफएस पार्टिशन केले आणि फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे तिथे हलवली. विंडोज व उबंटू दोन्हींना ते वाचता-लिहिता येते आणि सी ड्राइव्हही आपोआप मोकळा होतो. तरीही सी वाढवायचाच असेल, तर निदान महिनाभर नवी डिस्क जशी आहे तशी वापरून पाहावी आणि तोवर जुनी डिस्क फॉरमॅट न करता कपाटात ठेवावी.