‘आधी स्वतःचा थकलेला मेंटेनन्स भरा, मग बोला’ असं म्हणून आमच्या परळच्या सोसायटीच्या सभेत, लिफ्टदुरुस्तीचं कोटेशन महाग आहे म्हणणाऱ्या एकाला गप्प केलं. हा तर्कदोष आहे का?

हो, हा ‘अ‍ॅड होमिनेम’ म्हणजे व्यक्तीवर घसरण्याचा तर्कदोष आहे. लिफ्टदुरुस्तीचं कोटेशन महाग असेल, तर थकबाकीदाराने म्हटलं म्हणून ते स्वस्त होत नाही. (थकबाकी वसूल करायचीच, पण तो वेगळा विषय.) तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा अप्रस्तुत मुद्द्याचा दोष धरतात: निष्कर्ष आकड्यांवर उभा, हल्ला माणसावर. मात्र दावा निव्वळ कुणाच्या शब्दावर टिकून असेल, उदाहरणार्थ ‘मी स्वतः पाहिलं, तिन्ही कंत्राटदार सारखेच भाव सांगत होते’, तर सांगणाऱ्याचे हितसंबंध तपासणं रास्तच. कोर्टात उलटतपासणीत साक्षीदाराची विश्वासार्हता तपासतात ती यासाठीच. तरी सेक्रेटरीचा मेहुणाच कंत्राटदार निघाला म्हणून भाव चूक ठरत नाही, फक्त आणखी दोन कोटेशनं मागवायला कारण मिळतं.