वाचकांचे प्रश्न : ‘मीही रोज धावतो, सर’

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. अमेरिकन फुटबॉलमधला जॉश जेकब्ज लहानपणी काही दिवस वडील आणि भावंडांसह मोटारगाडीत राहिला, तरी पुढे अलाबामा विद्यापीठाच्या संघात चमकला, ही हकिगत मी अलीकडे मुलांना सांगितली आणि शेवटी ‘जिद्द असेल तर परिस्थिती आड येत नाही’ असे म्हणालो. तास संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. त्याच्या घरची परिस्थिती बिकट आहे, हे मला ठाऊक आहे. तो म्हणाला, “मीही रोज धावतो, सर. मग माझे काय चुकते?” मला उत्तर सुचले नाही. मी मुलांना चुकीचे सांगितले का?
— एक क्रीडाशिक्षक

उत्तर : आपण सांगितलेली हकिगत खरी आहे, तिचा आपण काढलेला अर्थ मात्र मला अपुरा वाटतो, आणि त्या मुलाने नेमके तिथेच बोट ठेवले आहे.

जेकब्ज ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात वाढला. आईवडील विभक्त झाल्यावर मुले वडिलांकडे राहिली, आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या त्या दिवसांत वडिलांनी मुलांना गाडीत मागे झोपवून स्वतः पुढच्या सीटवर जागून रात्री काढल्या, असे त्याने मोठेपणी सांगितले आहे. या प्रसंगात जिद्द कोणाची, असे मला कोणी विचारले तर मी आधी त्या जागणाऱ्या बापाकडे पाहीन. शाळेच्या संघात जेकब्ज रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढत धावणारा खेळाडू होता आणि भरपूर यार्ड, म्हणजे चेंडू घेऊन पुढे सरकण्याचे अंतर, कमावत होता. तरीही शाळा संपत येईपर्यंत मोठ्या विद्यापीठांचे त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. विद्यापीठांचे प्रशिक्षक मुले हेरतात ती बहुधा शिबिरांतून आणि चित्रफितींवरून. शिबिरांना जायला पैसे लागतात, आणि चित्रफिती कोणीतरी खटपट करून लोकांपुढे आणाव्या लागतात. जेकब्जच्या खेळाच्या फिती समाजमाध्यमांवर आल्या तेव्हा कुठे त्याच्याकडे विचारणा होऊ लागली आणि २०१६ मध्ये तो अलाबामाला गेला. फिती दिसण्याच्या आदल्या दिवशी त्याचे पाय तेच होते, वेग तोच होता आणि जिद्दही तेवढीच होती. पुढचे सगळे आपल्याला माहीत असेलच : डिसेंबर २०१८ मध्ये जॉर्जियाविरुद्ध साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटाच्या, अंतिम सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत ओकलंड रेडर्स संघाने त्याला २४व्या क्रमांकावर घेतले, आणि २०२२ च्या हंगामात १,६५३ यार्ड धावून तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. वडिलांना त्याने घर घेऊन दिले.

या हकिगतीच्या शेजारी आपण मुलांसमोर दुसरी एक ठेवावी, असे मला मनापासून वाटते. २००६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठाच्या संघात रे रे मॅकएलरॅथबे नावाचा बचावफळीतला तरुण खेळाडू होता. आई व्यसनात गुरफटलेली, त्यामुळे त्याचे बालपण अनेकांच्या आसऱ्याने गेलेले. आपल्या धाकट्या भावाच्या वाट्यालाही तेच येणार, हे दिसताच त्याने त्या अकरा वर्षांच्या मुलाला अटलांटाहून स्वतःकडे आणले आणि त्याचे पालकत्व पत्करले. सराव, स्वतःची व्याख्याने, भावाची शाळा, त्याचा अभ्यास आणि त्याचे जेवणखाण हे सगळे ज्या शिष्यवृत्तीत बसवायचे, ती एकाच माणसाचा विचार करून बेतलेली होती.

इथे नियम आडवे आले. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएच्या नियमांनुसार, इतर विद्यार्थ्यांना मिळत नाही असा कोणताही लाभ खेळाडूला घेता येत नसे. धनिक पाठीराख्यांनी पैशाच्या जोरावर खेळाडू विकत घेऊ नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण त्यामुळे प्रशिक्षकाच्या पत्नीने त्या लहानग्याला आपल्या गाडीतून शाळेत सोडले, तरी तो नियमभंग ठरण्याची वेळ आली. सप्टेंबर २००६ मध्ये एनसीएएने सूट दिली, भावासाठी निधी उभारायला परवानगी मिळाली, आणि मगच शेजारपाजारच्या लोकांना मदतीचा हात मोकळेपणाने पुढे करता आला. मदत करायला माणसे आधीपासून तयार होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अडले होते ते परवानगीपाशी.

मात्र रे रे जेकब्जसारखा तारा झाला नाही. १९७३ पासून या शिष्यवृत्त्या एकेका वर्षाच्या बोलीवर दिल्या जात आणि दर वर्षी त्यांचे नूतनीकरण प्रशिक्षकांच्या हाती असे. २००८ मध्ये त्याची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवली गेली नाही. त्याने क्लेमसनची पदवी पूर्ण केली आणि खेळण्यासाठी तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेला. त्याची जिद्द कमी पडली, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘परिस्थिती आड येत नाही’ हे आपले वाक्य मला खटकते ते यासाठी. परिस्थिती आड येते, आणि कधी कधी ती नियमांच्या पुस्तकात छापलेली असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत महाविद्यालयाने खेळाडूला जेवणाखेरीज खायला बेगल हा कड्याच्या आकाराचा पाव दिलेला चालत असे, पण त्या पावावर क्रीम चीज फासले की तो नियमभंग होई! एप्रिल २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर, आपण काही रात्री उपाशी झोपतो, असे उघडपणे बोलला आणि त्याच महिन्यात एनसीएएने खेळाडूंच्या खाण्यावरची बंधने उठवली. अनेक वर्षांसाठी शिष्यवृत्ती देण्याची मुभा विद्यापीठांना २०१२ मध्ये पुन्हा मिळाली. २०१५ मध्ये पाच मोठ्या कॉन्फरन्सनी केवळ खेळ खालावला म्हणून ती काढून घेण्यास मनाई केली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले, आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. आज एखादा रे रे भावाला घेऊन आला, तर निदान दोघांच्या जेवणाचा खर्च त्याला राजरोस कमावता येईल. हे बदल कोणा एकाच्या धावण्याने झाले नाहीत. खेळाडू बोलले, काही न्यायालयात गेले, लोकांनी लाज वाटावी अशा गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, तेव्हा ते झाले.

तेव्हा त्या मुलाला पहिल्यांदा हे सांगा की त्याचे काहीही चुकत नाही. त्याने धावणे सोडू नये. पण तो सकाळी काय खाऊन धावतो, त्याच्या पायांत कसे बूट आहेत, स्पर्धेच्या दिवशी त्याला मैदानावर कोण पोहोचवते आणि त्याने धावलेले आपल्याखेरीज कोणी पाहिले आहे का, हे आपण त्याच्याशी एकट्याने, वर्गासमोर न विचारता, बोलून घ्यावे. आणि जेकब्जची हकिगत पुन्हा सांगाल तेव्हा ती पुढच्या सीटवर जागणाऱ्या वडिलांपासून सुरू करावी.