तानपुरा लावला की लॅपटॉप चरचरतो

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१४चा आहे, त्यावर विंडोज १० आहे. तानपुऱ्याचं ॲप लावून रियाज करते, पण सुरात मध्येच चरचर, तडतड होते. वाय-फायवर काही डाउनलोड होत असलं की जास्तच. दुरुस्तीवाले म्हणतात, स्पीकर बदला. बदलू का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, स्पीकरवर इतक्यात पैसे घालू नका. आधी इअरफोन लावून तोच तानपुरा ऐका. आवाज स्वच्छ आला, तर दुरुस्तीवाले बरोबर. पण इअरफोनमध्येही चरचर असेल, आणि मला तसंच वाटतंय, तर स्पीकरचा काही दोष नाही. डाउनलोड सुरू झालं म्हणून स्पीकर जास्त फाटत नसतो.

लॅपटॉपला आवाजासाठी सहसा सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाची बारीक मोजमापं, लागतात. ते छोट्या हप्त्यांनी पुरवले जातात. १० मिलिसेकंदांचा हप्ता धरला तर ४८० नमुने. तेवढ्यात वाय-फायच्या ड्रायव्हरने (विंडोजकडून ते उपकरण चालवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) प्रोसेसर अडवून धरला, तर पुढचा हप्ता वेळेवर पोचत नाही. सुरात खंड पडतो, आणि तो खंडच तुम्हाला 'तड' म्हणून ऐकू येतो. ढोलताशाच्या गाण्यात हे खपून जातं. तानपुऱ्याच्या अखंड सुरात लपायला जागाच नसते, म्हणून तुमच्या कानाने ते बरोबर पकडलं.

आता वाय-फाय बंद करून रियाजाला बसा. ॲप नेटशिवाय चालत असेल आणि चरचर थांबली, तर चोर सापडला. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलसाठी दिलेला वाय-फाय ड्रायव्हर टाकून बघा. 'लॅटन्सीमॉन' नावाचा प्रोग्रॅम घरगुती वापराला फुकट आहे. तानपुरा चालू ठेवून तो लावला, की कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते नावानिशी कळतं.

वाय-फाय बंद करूनही चरचर राहिली, तर ध्वनीच्या ड्रायव्हरकडे वळा. जुन्या लॅपटॉपवर मूळ ड्रायव्हर विंडोज ८च्या काळातला, वर अपडेटमधून आलेला दुसरा, शिवाय कंपनीचं 'आवाज खुलवणारं' सॉफ्टवेअर, अशी खिचडी झालेली असते. आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आत्ताच्या स्थितीत परत नेता येईल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली उपकरणांची यादी) ध्वनीच्या उपकरणावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', संगणकावरच्या यादीतून निवडण्याचा पर्याय, आणि तिथे 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. हा विंडोजचा स्वतःचा, साधा ड्रायव्हर. बास वाढवणं वगैरे नखरे त्यात नाहीत, आणि रियाजाला मला तोच आवडतो. काही मॉडेलांवर मात्र त्याने इअरफोन लावला तरी स्पीकर बंद होत नाही. तसं झालं तर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहेच. अपडेटने जुना ड्रायव्हर परत आणून बसवू नये म्हणून 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' करा.

बाहेरून लावायचं यूएसबी साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं. ध्वनीच्या ड्रायव्हरचं भांडण त्याने टळतं. पण वाय-फायच प्रोसेसरला अडवत असेल, तर यूएसबीतूनही तडतड येणारच, म्हणून वाय-फायचा निकाल आधी लावा.

एवढ्यानेही भागलं नाही, तर ओळखीच्या कुणाकडून पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तिथे सूर स्वच्छ आला, तर यंत्र धडधाकट आहे, विंडोज नव्याने टाकून घ्या. तिथेही चरचरला, तर दुरुस्तीवाल्यांना स्पीकरच्या आधी मदरबोर्डवरचा ध्वनीचा भाग तपासायला सांगा.