घरी शिकवताय? आधी फुकटचं वापरा

ताई, मुलांना घरी शिकवायचं तर पहिल्याच महिन्यात महागडे अभ्याससंच घेऊ नका. ई-बालभारतीवर पहिली ते बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आवृत्तीचं वर्ष मात्र बघा, जुनी फाईल उतरवली की धडेच जुळत नाहीत. आणि अख्खं पुस्तक झेरॉक्सवाल्याकडून छापून घेऊ नका. दीडशे पानांची प्रिंट छापील पुस्तकापेक्षा महाग पडते! फक्त स्वाध्यायाची पानं काढा.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ, तिथे मराठीत पातळीनुसार पुस्तकं आहेत. प्रयोगांना, टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ: काड्यापेटी, काड्या जोडायला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी), झालं सामान. ट्यूब साधारण दीड सेंटिमीटरची कापा; फार आखूड तुकड्यातून काड्या निसटतात.

पुस्तकांसाठी, सोलापुरात असाल तर हिराचंद नेमचंद वाचनालय आहेच. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था; वयाची अट चौदा पूर्ण, जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा.