लग्नाआधी नाक सरळ करून घेऊ का?

प्रश्न : वय २६. नाकाच्या दांड्यावर उंचवटा आहे. लग्न अडीच महिन्यांवर आलंय. आत्ता ऑपरेशन केलं तर फोटोत नाक नीट दिसेल का? चष्मा वापरते. – एक वाचक, सातारा

उत्तर : तुझ्या जागी मी थांबले असते. आठवड्याभरात नाकावरचं प्लास्टर निघतं, डोळ्यांखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत ओसरतं आणि घरच्यांना वाटतं, झालं! पण शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं. अडीच महिन्यांचं नाक म्हणजे एका बाजूनेच भाजलेली भाकरी. त्यात चापाची नथ? नकोच. चष्म्याचा भारही साधारण सहा आठवडे नको. माझी एक पेशंट चिकटपट्टीने चष्मा कपाळाला टांगून ऑफिसला जायची.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच. शेंडा काही महिने बधिर राहतो. मला खरी धास्ती वेगळीच : दांडा जास्त तासला, आतला आधार ढिला पडला, तर नाक सुंदर आणि श्वास कोंडलेला. मग दुसरं ऑपरेशन, तेही बहुधा वर्षभर थांबून.

१७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली होती. कावसजी या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा उभं केलं होतं. त्याची गरज तुझ्याहून मोठी होती, इतकंच.

लग्नानंतरही हवंसं वाटलं तर ये. सिगारेट ओढत असशील तर ऑपरेशनच्या महिनाभर आधी बंद. आणि रात्री तोंड उघडं ठेवून झोपतेस का, हे आईला विचारून ये; नाकाने श्वास नीट जातो का, याचा त्यावरून अंदाज येईल.